मीठ टाकलं आणि काटा पळाला

यंदा आंबे बहारात (डाळिंबाच्या उन्हाळी हंगामात) मातीतली ओल दाखवणाऱ्या यंत्रापायी मला १८,५०० रुपयांना टोपी बसली. लिहितोय कारण ते विकणारा माणूस अजून आमच्या भागात फिरतोय.

सांगोल्याकडे आमची तीन एकर डाळिंबाची बाग आहे, ठिबकावर. जमीन काळी, भारी. एप्रिलात तो मोटारसायकलवर आला. ‘दादा, अजून अंदाजानंच पाणी देताय?’ पिशवीतून दोन दांड्यांचं, वर गोल डायलचं यंत्र काढलं. सोबत आणलेल्या डब्यातल्या सुक्या मातीत खोवलं. काटा लाल पट्ट्यात. तांब्याभर पाणी ओतलं, काटा निळ्यात. सेलसुद्धा लागत नाही म्हणाला. ‘तुमच्या मातीला सेट करून देतो’ म्हणत मागचा स्क्रू दोनदा फिरवला. तो स्क्रू नुसता झाकणाचा होता, हे मी घरी उघडल्यावर कळलं. पैसे रोख घेतले. बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं, ते अजून यायचंय.

मे महिन्यात ठिबकातून १३:०:४५ हे पाण्यात विरघळणारं खत सोडत होतो. काटा कायम निळ्यात, म्हणून मी पाणी तोडत गेलो. आई म्हणाली, पानं मलूल दिसतायत. मी तिला काटा दाखवला! जूनच्या तोंडावर ओळीमधल्या भेगांत बोट जायला लागलं तेव्हा घाबरून एकदम सहा तास ठिबक चालवलं. चौथ्या दिवशी फळं तडकायला लागली. ताणात साल कडक झालेली, आतले दाणे एकदम फुगले, साल कुठवर ताणणार?

भाची कृषी महाविद्यालयात शिकते. तिनं झाडाजवळची फूटभर खोलीची १०० ग्रॅम माती नेली, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास ठेवली. उरली ८३ ग्रॅम. म्हणजे ८३ ग्रॅम कोरड्या मातीमागे १७ ग्रॅम पाणी, साधारण २० टक्के. मी म्हटलं, बरंच आहे की! ती हसली. वाळूत हे पाणी भरपूर झालं असतं, पण काळ्या मातीचे बारीक कण तेवढं पाणी इतकं घट्ट धरतात की मुळांना ते ओढून घेता येत नाही. पाणी किती आहे यापेक्षा ते ओढायला किती जोर लागतो, हे झाडाला कळतं. टेन्शिओमीटर तोच जोर मोजतो. आता एक घेतलाय, पक्क्या बिलावर. त्याच्या जोडीला कुदळीनं उकरून माती मुठीत दाबून बघणं आहेच.

मग त्या यंत्राचं गूढ काय? ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पेल्यात घेतलं आणि दांड्या बुडवल्या. पूर्ण पाण्यात असूनही काटा जेमतेम हलला. चिमूटभर मीठ टाकलं, थेट निळ्यात! दोन दांड्या दोन वेगळ्या धातूंच्या, मध्ये ओलसर क्षार आले की त्यांचीच बारकी बॅटरी होते. म्हणून सेल नको. माझ्या वाफ्यात तो काटा ओलीपेक्षा खतच जास्त दाखवत होता. कुणी असलं यंत्र घेऊन दारात आला, तर बाटलीभर डिस्टिल्ड पाणी आणि मीठ काढा, त्याच्यासमोर करून बघा.

मी त्याला फोन केला. आधी म्हणाला, नीट खोवलं नसेल. मग म्हणाला, ‘दादा, तुमच्या मातीत क्षार असणार, त्याला हे मॉडेल चालतच नाही. मोठं घ्या, ३२ हजारांचं.’

म्हणजे गड्याला सगळं ठाऊक होतं.