ट्रम्पेट शिकायचं: बँडच्या गाळ्यावर की मोबाईलवरच्या मंडळींत?

नाशिकच्या सातपूरला आमच्या कंपनीत एक सहकारी आहेत. त्यांची मुलगी आठवीत. शाळेच्या बँडमध्ये तिच्या वाट्याला ट्रम्पेट आलं. गेल्या महिन्यात डबा खाताना त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हिच्यासाठी मास्तर शोधू का मोबाईलवरच भागेल?" मी दोन्हीकडचं पाणी प्यालेलो आहे. दोन वर्षं भद्रकालीतल्या एका बँडच्या मास्तरांकडे, त्यांच्या गाळ्यावर, आणि नंतरची चार वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ट्रम्पेटवाल्यांच्या कंपूत. म्हणून उत्तर लगेच सुचलं नाही. आता सविस्तर देतो.

आधी एक खुलासा. घरात ट्रम्पेट आणलंत की शेजारी विचारणारच, "तुतारी का?" तुतारीला खटके (सूर बदलायला बोटानं दाबायच्या कळा) नसतात, ट्रम्पेटला तीन असतात. पण हा घोळ करणारे शेजारी एकटे नाहीत. 2024 च्या लोकसभेला ट्रम्पेट या मुक्त चिन्हाचं मराठी नाव यादीत 'तुतारी' असंच छापलं होतं आणि आपल्या जिल्ह्यातल्या दिंडोरी मतदारसंघात ते चिन्ह मिळालेल्या अपक्षाला लाखावर मतं पडली. असो.

नाशिकची अडचण अशी, की कॉलेज रोड, इंदिरानगरच्या गल्लीबोळात गिटार, कीबोर्ड, तबल्याचे क्लास आहेत, पितळी वाद्यांचा क्लास मात्र शोधून सापडत नाही. ट्रम्पेट हातात असलेला माणूस इथे भेटतो तो लग्नाच्या बँडमध्ये, शाळेच्या संचलनात, नाहीतर लष्कर-पोलिसांत. देवळाली-नाशिकरोड भागात राहत असाल आणि पचमढीच्या लष्करी संगीत विभागात तयार झालेला एखादा निवृत्त बँडवाला ओळखीत निघाला, तर हा लेख इथेच सोडा आणि त्यांच्या घरी जा. त्यांना नोटेशन (कागदावर लिहिलेले सूर) वाचता येतं, शिस्तीत शिकवताही येतं. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

बँडच्या गाळ्यावर मला जे मिळालं ते पडद्यावर मिळालं नसतं. मास्तर नोटेशन वाचत नव्हते. "सा इथं," म्हणून तीनही खटके मोकळे सोडून एक सूर वाजवून दाखवायचे. पुढचं सगळं कानानं. साधं ट्रम्पेट बी फ्लॅटचं असतं, म्हणजे त्याचा मोकळा सा पेटीवर काळी पाचला, सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीवर, येतो. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण गायक आला की ते पहिला प्रश्न पट्टीचाच करायचे. शेजारी ताशा, मागे ढोल, बाजूला क्लॅरिनेट. या गोंगाटात स्वतःचा सूर ऐकत राहणं हीच तिथली परीक्षा. दम वाढला, पाठांतर वाढलं, लय अंगात गेली. फी म्हणाल तर मास्तरांनी कधी मागितली नाही. सिझनमध्ये माणूस कमी पडला की गणवेश चढवून उभं राहायचं, हा अलिखित करार.

तोटे तिथूनच सुरू होतात. लगीनसराईत मास्तर सुपाऱ्यांच्या मागे, तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. शिकायचं असेल तर आषाढीनंतर जा. तुळशीचं लग्न लागेपर्यंत, गणपतीचे दिवस सोडले तर, हे लोक मोकळे असतात. दुसरा तोटा ओठांचा. डीजेच्या भिंतीसमोर ऐकू जावं म्हणून वरचे सूर काढायचे, आणि ते काढायचे म्हणजे माउथपीस ओठांवर दाबायचं, ही सवय रस्त्यावरच्या वादनात सर्रास दिसते. मलाही लागली. दीड वर्षात वरच्या ओठावर कायमचं लाल वळं, आणि अर्धा तास वाजवलं की ओठ बधिर. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे कधी निरखून पाहिलंच नव्हतं. त्यांची नजर वरातीवर.

ते वळं पाहिलं गोव्यातल्या एका चर्चच्या बँडमधल्या काकांनी, मोबाईलवर. एका मित्रानं मला त्या कंपूत घेतलं होतं. गोवा, कोल्हापूर, पुणे, केरळ अशी तीसेक माणसं, भाषा मोडकी हिंदी. नियम एकच: दिवसाला चाळीस सेकंदांची क्लिप. माझी पहिली क्लिप काकांनी संथ गतीनं पाहिली आणि लिहिलं, "वरचा सूर येण्याआधी तुझा डावा हात वाद्य ओढतो." मला हे दोन वर्षांत कळलं नव्हतं. मग त्यांनी महिनाभर वरचे सूर बंद करायला लावले. नुसते खालचे लांब सूर, हळू आवाजात. कंटाळा आला, पण वळं फिकट झालं.

हिंदी चित्रपटसंगीतातल्या जुन्या ट्रम्पेटवाल्यांत गोव्याची माणसं भरपूर होती. चिक चॉकलेट (1916-1967) हे त्यांतलं ठळक नाव. त्या परंपरेतला माणूस पूर्वी भेटायचा तर मुंबईत धोबीतलावच्या आसपास ओळख काढावी लागे. आता तो रात्री अकराला माझ्या क्लिपवर दोन ओळी लिहितो. नाशिकमध्ये बसलेल्याला याहून मोठा फायदा मला दिसत नाही.

आता खरी गफलत. "ऑनलाइन" म्हटलं की लोक थेट व्हिडिओ-क्लास लावतात आणि पैसे घालवतात. माझं स्पष्ट मत: ट्रम्पेटसाठी थेट क्लासपेक्षा क्लिप पाठवणं बरं, निदान पहिलं वर्ष. झूमसारखी ॲपं बोलण्यासाठी बांधलेली असतात. एकसारखा लांब सूर त्यांना पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ती तो गाळून टाकतात. मी बारा सेकंद सूर धरला होता, समोरच्या शिक्षकांना चारच ऐकू आले आणि ते म्हणाले, "दम कमी पडतोय." झूममध्ये संगीतकारांसाठी 'ओरिजिनल साउंड' असा पर्याय आहे. तो दोन्ही बाजूंनी चालू केला तर बरंच सुधारतं. फोन सहा-सात फुटांवर, ट्रम्पेटच्या तोंडासमोर न ठेवता बाजूला ठेवायचा, नाहीतर आवाज फाटतो.

आणि एकत्र वाजवायचं तर विसराच. आवाजाला हवेत एक मीटर जायला साधारण 3 मिलीसेकंद लागतात. 25-30 मिलीसेकंदांच्या पुढे उशीर झाला की दोघांची लय सुटायला लागते. वरातीचा अनुभव असेल तर हे लगेच पटेल: पुढचा ट्रम्पेटवाला आणि मागच्या गाडीवरचा ढोल यांच्यात तीस मीटर पडले, की ढोल मागे राहिल्यासारखा वाटतो. तो उशीर 90 मिलीसेकंदांचा. व्हिडिओ-कॉलवर दीडशे सहज होतात. मिनिटाला 120 च्या लयीत एक मात्रा 500 मिलीसेकंदांची, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा वाटेतच गेला. गाळ्यावरच्या बारा जणांची जागा कुठलंही ॲप घेत नाही.

नोटेशनचा एक फटका ऑनलाइनवाल्यांना हमखास बसतो. व्हिडिओतला शिक्षक "सी" म्हणतो, तुम्ही पेटीवर पांढरी एक दाबता आणि सूर जुळत नाही. त्याचा लिहिलेला सी म्हणजे तुमची काळी पाच. पांढरी एकच्या गाण्याला साथ करायची तर लिहिलेल्या डीचा सा धरावा लागतो. त्यात खालचा डी पहिल्या-तिसऱ्या खटक्याचा. तो जात्याच थोडा चढा लागतो, म्हणून तिसऱ्या खटक्याची नळी तिच्या कडीत बोट घालून किंचित पुढे सरकवायची. आमचे मास्तर ते ओठानं खाली ओढून सांभाळायचे. कंपूत ते नळीनं करायला शिकलो. वाद्यावर ती कडी कशासाठी असते, हे दोन वर्षं मला माहीत नव्हतं.

कंपूचा रोगही सांगतो: माउथपीस. सूर बिघडला की कुणीतरी म्हणणार, "7सी काढ, 3सी लाव." ही माउथपीसच्या मापांची नावं. दोघांच्या वाटीच्या व्यासात फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा. मी एका वर्षात तीन घेतली, आता त्यांतलंच पहिलं वाजवतो. वाद्याबरोबर आलेलं वर्षभर बदलू नका.

वाद्य विकत घेताना मात्र गाळाच जिंकतो. मी फोटो पाहून एक जुनं ट्रम्पेट मागवलं. चकाकी छान, पण विकणाऱ्यानं खटक्यांतून हवा गळते हे सांगितलंच नव्हतं. मास्तरांनी हातात घेतलं, खटका न दाबता पहिल्या खटक्याची नळी झटक्यात ओढली आणि म्हणाले, "फट् आवाज यायला पाहिजे. आला का?" नव्हता आला. पितळेवर गुलाबी ठिपके दिसले तर धातू आतून कुजतोय, हेही त्यांनीच दाखवलं. मेरठचं स्वस्त वाद्य घ्या किंवा विद्यार्थ्यांसाठीचं जपानी, जाणत्या माणसाला बरोबर न्या. मुंबईहूनच घ्यायचं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. सीएसएमटीहून धोबीतलाव चालत जाण्यासारखं आहे आणि तिथलं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान 1865 पासूनचं आहे. संध्याकाळी त्याच गाडीनं परत.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी म्यूट (आवाज दाबायला ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं बूच) घ्यावा लागेल हे धरून चाला. त्यानं हवा अडते, फुंकायला जड जातं, आणि क्लिपमध्ये खरा सूर कळत नाही. मी रविवारी गंगापूर धरणाच्या वाटेवर एका ओळखीच्या शेताच्या बांधावर जातो आणि आठवड्याची खरी क्लिप तिथून पाठवतो.

परीक्षांचं थोडक्यात: ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळांच्या श्रेणी-परीक्षा रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर देता येतात. त्यासाठी नोटेशन लागतं, तिथे गाळा कामाचा नाही.

मग मी सहकाऱ्यांना काय सांगितलं? तुम्ही विशी-पंचविशीचे असाल, लाज कमी असेल आणि संध्याकाळ मोकळी असेल तर आधी गाळा, पण पहिल्या महिन्यापासून ओठांची क्लिप कुणा जाणत्याला दाखवत राहा. शिफ्टची नोकरी असेल तर उलट. त्यांच्या मुलीचं वेगळं. गाळ्यावर सगळे पुरुष, कामं रात्रीची. तिची आई तयार होईना आणि मला त्यात वावगं वाटलं नाही. एकत्र वाजवायला तिला शाळेचा बँड आहेच, तेव्हा बाकीचं क्लिपवर. कंपू अनोळखी माणसांचा आहे, म्हणून नंबर वडिलांचा आणि क्लिपमध्ये नाकाच्या खालचाच भाग. ओठ, माउथपीस, डावा हात. शिकवणाऱ्याला तेवढंच लागतं.

परवा तिची पहिली क्लिप आली. चाळीस सेकंदांत सहा सेकंद खालचा सा, मागे कुकरची शिट्टी. गोव्याच्या काकांनी लिहिलं, "सूर चांगला. खांदे वर जातायत. उद्या परत पाठव."