डोक्याची लाल बॅटरी: मळ्यात उत्तम, कासवांच्या किनाऱ्यावर तपासूनच

रावेर-यावलकडे रात्री केळीला पाणी भरताना डोक्याला जी बॅटरी लावतात, तिचंच लाल दिव्याचं मॉडेल जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये साडेतीनशेच्या आसपास मिळतं. मळ्यासाठी बिनधास्त घ्या. उजेड भरपूर, पट्टा घट्ट. पण श्रीलंकेत किंवा कोस्टा रिकात कासवांच्या रात्रगस्तीला, म्हणजे अंडी घालायला किनाऱ्यावर येणाऱ्या माद्यांवर लक्ष ठेवायला, स्वयंसेवक म्हणून जाणार असाल, तर ती आहे तशी नेऊ नका.

मोठी खोट बटणात आहे. दाबलं की आधी पांढरा, मग मंद पांढरा, मग लुकलुकता आणि सगळ्यात शेवटी लाल. वाळू चढत असलेल्या मादीवर तेवढा एक पांढरा झोत पडला, तरी ती अंडी न घालताच माघारी फिरू शकते. हिरव्या कासवाच्या एका घरट्यात शंभरावर अंडी असतात. वाया काय जातं ते त्यावरून समजा. उपाय सोपा आहे: पांढऱ्या काचेवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचे दोन थर. मात्र टेपखाली पांढरा दिवा पेटता ठेवू नका, तापतो. लाल दिव्याला वेगळं बटण असलेलं मॉडेल मिळालं तर दोन पैसे जास्त द्या.

लाल खरा आहे का, हे दुकानातच बघा. कासवाच्या डोळ्याला निळा-हिरवा प्रकाश जास्त जाणवतो, ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा, म्हणजे पिवळ्या-लालाकडचा, कमी. खरा लाल एलईडी ६२० ते ६३०च्या आसपास असतो. स्वस्त मालात मात्र पांढऱ्याच एलईडीवर लाल प्लास्टिक चढवलेलं असतं. जुनी सीडी सोबत न्या, अंधाऱ्या कोपऱ्यात तिच्या चकचकीत बाजूवर झोत तिरपा टाका. नुसता लाल पट्टा दिसला तर माल चांगला. हिरवी-निळी झाक दिसली तर परत ठेवा.

मागच्या डबीवरचा चार्जिंगचा बारीक निळा दिवा कुणाच्या लक्षातच येत नाही. तोही टेपने झाका.

बिजागरी सैल पडली की झोत वर उचलला जातो, म्हणून स्क्रू आवळून घ्या. प्रकाश वाळूवर, मादीच्या मागच्या बाजूला; तोंडावर कधीच नाही. पिल्लं बाहेर पडत असतील तर लालसुद्धा बंद, कारण ती उजळ दिसणाऱ्या बाजूलाच धावतात.

खाऱ्या हवेत चार्जिंगचं भोक गंजतं. रोज ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, मगच रबरी झाकण लावा. विमानात लिथियमचे सुटे सेल हातातल्या बॅगेतच ठेवावे लागतात.

कोस्टा रिकातल्या टॉर्टुगेरोच्या किनाऱ्यावर कासवं नुसती बघायला जाणाऱ्यांनी हा खर्च करूच नये. तिथे रात्री दिवा फक्त मार्गदर्शकाकडे असतो आणि कॅमेऱ्याला बंदी आहे.