आयलंडवर कोणता दगड? आधी खालची कपाटं बघा

भिंतीलगतचा ओटा आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभं आयलंड, दोन्हींना एकच हिशेब लावला की गडबड होते. ओट्याला पाठीशी भिंत असते, रुंदी दोन फूट असते आणि पुढची एकच कड नजरेत येते. आयलंडच्या चारही कडा दिसतात. रुंदी तीन फुटांवर जाते, एका बाजूला स्टूल सरकवायचे म्हणून दगड कपाटाबाहेर काढावा लागतो आणि सगळा भार खालच्या प्लायच्या बॉक्सवर येतो. म्हणून रंगाची चर्चा शेवटी.

६ बाय ३ फुटांचं आयलंड धरू. १८ मिमी ग्रॅनाइट टाकलं तर दगडाचंच वजन साधारण ८० किलो, २० मिमी घेतलं तर ९०. क्वार्ट्झ २० मिमीचा असूनही ८० किलोच्या घरात राहतो, कारण त्यात रेझिन, म्हणजे दगडाचा चुरा बांधून ठेवणारा प्लास्टिकसारखा डिंक असतो. १२ मिमीचा सिंटर्ड किंवा पोर्सेलिन स्लॅब (खनिजांची भुकटी दाबून भट्टीत भाजलेला) ५० किलोच्या आत. पण हलका म्हणजे बॉक्सला सोपा असं नाही. पातळ स्लॅबला खालून सलग १८ मिमी प्लायचा आधार लागतोच. ग्रॅनाइट बॉक्सच्या कडांवर आणि मधल्या पट्ट्यांवर भागून जातं, फक्त कुठलाही बॉक्स ९०० मिमीपेक्षा रुंद ठेवू नका.

बॉक्सचा माल कोणता, हे दगडाइतकंच महत्त्वाचं. सिंक आयलंडवर असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या, पार्टिकल बोर्डाच्या वाटेला जाऊ नका. सिंक नसेल तर एचडीएचएमआर (ओल सोसणारा दाट फायबर बोर्ड) चालतो. दोन्हींत खरा शत्रू लादी पुसायचं पाणी: आयलंड चारही बाजूंनी उघडं, त्यामुळे रोज फडकं चौफेर फिरतं. खाली १०० मिमीचे पीव्हीसी पाय आणि वर काढता येणारं स्कर्टिंग (पाय झाकणारी पट्टी) ठेवलं की प्लाय फुगत नाही. दगड बसवणारे मिस्त्री सवयीने सिमेंटचा ओला माल पसरायला बघतात. प्लायवर तो नको, सिलिकॉनचे ठिपके पुरतात.

जुनी पद्धत अजून बाद झालेली नाही, हेही सांगायला हवं. कडप्प्याच्या उभ्या फळ्या, मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या, वर ग्रॅनाइट. कोकणात किंवा तळमजल्यावर, जिथे ओल आणि वाळवी दोन्ही असतात, तिथे ही बांधणी मॉड्युलर बॉक्सपेक्षा जास्त टिकते. तोटा इतकाच की एकदा बांधली की हलत नाही आणि ट्रॉलीमागच्या फटींत झुरळं होतात.

आता दगड.

ग्रॅनाइट विरुद्ध क्वार्ट्झ

खरी निवड बहुतेक घरांत या दोघांतच असते. ग्रॅनाइट जमिनीतून निघतं. क्वार्ट्झचा स्लॅब कारखान्यात बनतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि बाकी पॉलिएस्टर रेझिन व रंग. दोघांमधला जवळपास सगळा फरक त्या रेझिनमधून येतो.

भजी तळून झालेली कढई गॅसवरून उचलून थेट ग्रॅनाइटवर ठेवली तर सहसा काही होत नाही. तीच क्वार्ट्झवर ठेवली तर रेझिन करपतं आणि कढईच्या बुडाएवढा पिवळट गोल उमटतो. तो घासून जात नाही, पॉलिशनेही जात नाही. १५० अंशांच्या पुढे क्वार्ट्झचा भरवसा धरू नये, आणि तापलेल्या तेलाची कढई त्याच्या वरच असते. घरात अडणी वापरायची सवय असेल तर हा मुद्दा सोडून द्या. नसेल तर ती सवय दगडामुळे लागेल अशी आशा करू नका.

डागांत उलट. क्वार्ट्झ पाणी पीत नाही, सीलर लावावा लागत नाही. फिकट ग्रॅनाइट पितं. त्यातलं एक नाव गमतीचं आहे: काश्मीर व्हाइट. नाव काश्मीरचं, खाण तामिळनाडूतली. असं ग्रॅनाइट घ्यायचं तर दुकानातच पाण्याचे चार थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा. थेंबाखाली दगड काळवंडला तर सीलर लागणार, आणि तो साधारण वर्षाने पुन्हा लावावा लागणार.

हळद दोघांनाही सोडत नाही, फरक फक्त किती वेळ चिकटते याचा. फिकट मॅट क्वार्ट्झवर ओल्या हळदीचा वाटीचा ठसा रात्रभर राहिला तर सकाळी पिवळी कडी दिसते. त्यावर साबण लावला की ती लालसर होते आणि घाबरायला होतं. तो क्षाराने बदललेला हळदीचा रंग आहे, दगड बिघडलेला नाही. ऊन येत असेल तर उरलेली पिवळी झाक दोन-तीन दिवसांत विरते. मात्र उन्हाचा उलटा भाग असा: गच्चीत किंवा पश्चिमेच्या उघड्या गॅलरीत क्वार्ट्झ बसवला तर रेझिन पिवळं पडत जातं. तिथे ग्रॅनाइटच.

काळ्या ग्रॅनाइटमध्ये एक फसवणूक नेहमीची आहे. राखाडी दगडाला काळा रंग पाजून जेट ब्लॅक म्हणून विकतात. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन स्लॅब जोरात पुसा. फडकं काळं झालं तर निघून या. चंदेरी-सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमकुर्तीच्या खाणींतून येतो. तोही अर्थात याच परीक्षेतून जायला हवा. आणखी एक: बोअरचं पाणी असेल तर चकचकीत काळ्यावर प्रत्येक थेंबाचा पांढरा ठसा राहतो. लेदर फिनिश, म्हणजे किंचित खडबडीत, कमी चकाकीचं, घेतलं तर तो लपतो, पण पिठाचा हात पुसायला जरा जास्त घासावं लागतं.

रुंदीचा मुद्दा दुकानदार आपणहून सांगत नाही. ओट्यासाठी मिळणारं ग्रॅनाइट बहुतेकदा कटर साइझचं, म्हणजे दोन-अडीच फूट रुंदीचं. तीन फुटी आयलंडला ते पुरत नाही आणि मधोमध जोड येतो. जोड नको असेल तर गँगसॉचा (अनेक पात्यांच्या मोठ्या करवतीवर कापलेला) मोठा स्लॅब मागा. दर चढतो, पण क्वार्ट्झशी तुलना तेव्हाच खरी होते. क्वार्ट्झचे स्लॅब मुळातच दहा बाय पाच फुटांच्या आसपास येतात. मात्र पैसे पूर्ण स्लॅबचे मोजावे लागतात. तुमच्या आयलंडला १८ चौरस फूट लागतात, बिल ५० चं. उरलेल्यात ओट्याचा तुकडा, खिडकीची पट्टी, वॉशबेसिनचा वरचा भाग निघतो का, हे आधी कागदावर मांडा.

क्वार्ट्झ घरात कापू देऊ नका. त्यात सिलिका खूप, कोरड्या कटाईची धूळ कारागिराच्या फुफ्फुसांत जाते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड वापरणंच बंद केलं. माप घेऊन कारखान्यात पाण्याखाली कापून आणणं हाच मार्ग.

बाकीचे

संगमरवर सुंदर, पण आपल्या जेवणासाठी नाही. लिंबू, चिंच, कोकम, ताक, सगळं आंबट. कापलेलं लिंबू उपडं राहिलं तरी त्याच्या आकाराचा मंद डाग पडतो, कारण आम्ल दगडालाच खातं. कडप्पाही चुनखडीचाच, त्यामुळे वरच्या पृष्ठाला तोही नको. उभ्या आधाराला उत्तम.

सिंटर्ड स्लॅबला उष्णता, ऊन, हळद, कशाचीच पर्वा नाही. दुखणं कडेचं. ४५ अंशात जोडलेली त्याची कड धार असल्यासारखी बारीक असते. आयलंडच्या कोपऱ्यावर नारळ आपटायची सवय असलेल्या घरात पहिल्याच महिन्यात टवका उडेल, आणि आत वेगळा रंग दिसेल. नॅनो व्हाइट या पांढऱ्याशुभ्र कृत्रिम स्लॅबचंही तसंच, तो काचेच्या जातीचा आहे. लाकडी पृष्ठ फक्त स्टूलच्या बाजूच्या पट्टीपुरतं शोभतं.

कपाटांशी जुळवणी

सागवानी किंवा अक्रोडी लॅमिनेटला स्वतःच्या रेषा असतात, तेव्हा दगड शांत हवा: स्टील ग्रे ग्रॅनाइट, लेदर फिनिशचा काळा किंवा साधा क्रीम क्वार्ट्झ. टॅन ब्राऊन ग्रॅनाइट लालसर लाकडाजवळ ठेवलं की दोन्ही मळकट वाटतात.

पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक शटरला सगळ्यात जास्त चुका होतात. आयव्हरी शटरवर निळसर पांढरा क्वार्ट्झ आला की शटर जुनं, पिवळं पडल्यासारखं दिसतं. शटरचा फूटभर तुकडा घेऊनच स्लॅब बघायला जा, आणि घरात जो दिवा लावणार त्याच रंगाच्या प्रकाशात दोन्ही शेजारी धरा. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली जुळलेली जोडी ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली फाटते.

गडद हिरव्या किंवा निळ्या मॅट कपाटांवर रेघांचा फिकट क्वार्ट्झ खुलतो. पण चार इंची नमुन्यात रेघ कळत नाही. पूर्ण स्लॅब उभा करून घ्या आणि कुठला भाग कापायचा ते खडूने आखून द्या. दगड बाजूने जमिनीपर्यंत खाली उतरवायचा असेल तर रेघ कोपऱ्यावरून सलग यायला हवी. त्या उतरत्या बाजूने प्लायलाही फडक्याच्या पाण्यापासून आडोसा मिळतो, तेव्हा खर्च निव्वळ शोभेचा नाही.

बसवताना

स्टूलच्या बाजूला २५० ते ३०० मिमी दगड बाहेर लागतो, नाहीतर गुडघे कपाटाला आपटतात. इतका बाहेर काढलेला दगड अधांतरी ठेवू नका, दर दोन फुटांवर लोखंडी ब्रॅकेट घाला. त्या भागावर खलबत्ता चालला की तडा ब्रॅकेट नसलेल्या जागीच जातो. इतर तीन बाजूंना शटरच्या पुढे इंचभर पुरतं, आणि त्याखाली कडेजवळ ५ मिमीची खाच मारून घ्या म्हणजे ओघळ शटरवर न येता तिथेच गळतो.

सिंक किंवा हॉबच्या (दगडात बसवायच्या शेगडीच्या) कापाचे कोपरे गोलाई देऊनच कापायला सांगा. काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो, आणि कापापुढे दोन इंचांपेक्षा बारीक पट्टी उरली तर वाहतुकीतच तुटते. आयलंडभोवती साडेतीन फूट मोकळे आहेत ना, हे स्लॅब कापण्याआधी जमिनीवर खडूने आखून, फ्रिजचं दार उघडून बघा.

कोटेशनमध्ये मोल्डिंग (कडांना आकार देणं), काप, जोड आणि वरपर्यंत चढवण्याची मजुरी वेगळी लिहून घ्या. ग्रॅनाइट स्वस्त वाटतं ते बऱ्याचदा यातलं काहीच दरात धरलेलं नसतं म्हणून. दगड आला की आधी कोरडाच ठेवायला लावा, पाणसळ दोन्ही दिशांना लावा, सगळे खण उघडून बघा. खण अडला तर पाय फिरवून बॉक्स सरळ करा, दगडाखाली पाचर नको. त्यानंतरच सिलिकॉन.