ठरावीक शुल्कात, दलालाविना घरविक्री : पाच महिन्यांचा अनुभव

कोथरूडमधील आमचा जुना फ्लॅट विकताना मी दलाल न नेमता, ठरावीक शुल्कात जाहिरात लावणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचा आधार घेतला. व्यवहार ७२ लाखांना झाला. दलालाला २ टक्के द्यावे लागले असते, तर १ लाख ४४ हजार गेले असते. सेवेला आठ हजारही लागले नाहीत. ही बचत खरी आहे, मात्र तिच्यासाठी दलालाचे काम पाच महिने मीच केले.

छायाचित्रे उत्तम निघाली आणि जाहिरात दोन दिवसांत लागली. पहिल्या पंधरवड्यातील बहुतेक फोन मात्र ‘पार्टी तयार आहे’ म्हणणाऱ्या दलालांचेच होते. खरे ग्राहक कार्पेट क्षेत्रफळ, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा, विचारत. आमच्या करारनाम्यात केवळ बिल्टअप (भिंतींसह) क्षेत्रफळ लिहिलेले असल्याने मी खोल्या स्वतः मोजून आकडा जाहिरातीत घातला, तेव्हा निरर्थक फेऱ्या बऱ्याच कमी झाल्या.

खरी अडचण कागदपत्रांची होती. हा फ्लॅट आम्ही १९९८ साली पहिल्या मालकाकडून घेतला होता. त्या मालकाचा बिल्डरशी झालेला करारनामा आमच्याकडे नव्हता आणि ग्राहकाच्या बँकेला मालकीची संपूर्ण साखळी हवी होती. सेवेने पाठवलेली यादी नव्या इमारतींपुरतीच होती. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळेपर्यंत पाच आठवडे गेले आणि तो ग्राहक हातचा गेला, याचे मला आजही वाईट वाटते. अनुभवी दलालाने हा कागद पहिल्याच दिवशी मागितला असता.

पुढच्या दांपत्याशी किमतीवरून अडले, तेव्हा खरेदीखत केवळ पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के लागते, हे मी त्यांना दाखवले. त्यांचे ७२ हजार वाचले आणि माझी किंमत टिकली. सोसायटीने ५० हजार हस्तांतरण शुल्क मागितले होते. महापालिका क्षेत्रातील २५ हजारांची कमाल मर्यादा लेखी कळवल्यावर तेवढेच घेतले.

शहरातील फ्लॅट, हाती सर्व कागद आणि शनिवार-रविवार मोकळे असतील, तर ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. आईच्या नावावरील साताऱ्याकडची जमीन विकताना मात्र मी ही सेवा घेणार नाही. सातबारा, फेरफार आणि हद्दीची मोजणी यांसाठी तिथलाच जाणकार माणूस लागेल, आणि त्याचे २ टक्के मी आनंदाने देईन.