गूगलसाठी लिहायचं की व्हॉट्सअ‍ॅपसाठी? मराठीत कामाची माहिती लिहिणाऱ्यांसाठी तुलना

वकील, सीए, रोपवाटिकावाले, निवृत्त तलाठी, शाळेतले शिक्षक. लोकांच्या उपयोगाची माहिती यांच्याकडे असते, ती मराठीत लिहायची हौसही असते, आणि मग प्रश्न पडतो: स्वतःची वेबसाइट काढून लेख लिहावेत, की व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मोकळं व्हावं? हाताशी असतो तो रात्रीच्या जेवणानंतरचा तास-दीड तास. त्यामुळे कुठेतरी निवड करावीच लागते.

‘दोन्ही करा’ असं मी लगेच सांगणार नाही. माणूस तोच असला तरी दोन्हीकडे तो वेगळ्या मनःस्थितीत वाचतो. गूगलवरून येतो तेव्हा त्याच्याकडे प्रश्न असतो, पण तुमच्यावर भरवसा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर भरवसा असतो (तुमच्यावर नव्हे, पाठवणाऱ्या मामेभावावर), पण प्रश्न नसतो. लिहिताना जे काही बदलावं लागतं ते बहुतेक यातूनच येतं.

एकच विषय घेऊन बघू. सातबारा. गूगलसाठी लेखाची सुरुवात साधारण अशी हवी:

‘डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून मिळतो. जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक हाताशी ठेवा. त्यावर तलाठ्याची सही लागत नाही. भूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा मोफत उतारा फक्त बघण्यासाठी आहे.’

चार वाक्यं, आणि बहुतेकांचं काम झालं. महाराष्ट्र ही शेतकऱ्यांची भूमी आहे, जमीन ही आपली आई आहे वगैरे काही नाही. ते वाचायला तो आलेलाच नाही. बँकेच्या रांगेत उभा राहून तो शोधतोय.

आता हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर काय होईल? कोणी वाचणार नाही. सकाळी चहा पिता पिता गट चाळणाऱ्याला त्या दिवशी सातबारा नकोच असतो. त्याच्यासाठी दार वेगळं लागतं:

‘मंडळी, कर्जासाठी सातबारा दिला आणि बँकेने “हा चालणार नाही” म्हणून परत केला, असं कोणाचं झालंय का? बहुतेक वेळा कारण एकच असतं. आपण भूलेखवरचा फुकटचा उतारा छापून नेतो. त्यावर सही नसते. सहीचा उतारा दुसऱ्या ठिकाणी मिळतो, आणि तोही घरबसल्या.’

इथे आधी अडचण येते, कारण अडचण वाचल्यावर माणसाला कोणीतरी आठवतं. ‘अरे, हे काकांना पाठवायला हवं.’ तेवढं आठवलं की मजकूर पुढे जातो. फॉरवर्ड करणारा बहुतेक वेळा स्वतःसाठी वाचत नसतो, दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने वाचत असतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात ‘हे कोणाच्या कामाचं’ ते पहिल्या दोन ओळींत कळलं पाहिजे. लांब संदेश तसाही घडी घालून दाखवला जातो, आणि ती घडी उलगडण्याचे कष्ट सगळे घेत नाहीत.

वाचतात की नजर फिरवतात

वेबसाइटचा वापर लोक कसा करतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ साली वेबवरच्या वाचनाबद्दल लिहिलं होतं. त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नव्या पानावर नुसती नजर फिरवत, शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच निघाले. पुढे २००६ साली त्यांच्याच संस्थेने २३२ जणांच्या नजरेचा माग काढला. वरच्या एक-दोन ओळी आडव्या, मग पानाच्या डाव्या कडेने खाली, अशी ती नजर फिरताना दिसली. हे प्रयोग मराठीवर झालेले नाहीत, पण आपलीही लिपी डावीकडूनच सुरू होते, आणि आपल्या वाक्याची एक खोड इथे फार महागात पडते.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘भूलेखवरून काढलेला उतारा बँकेच्या किंवा न्यायालयाच्या कामासाठी वापरता येत नाही.’ डावी कड चाळणाऱ्याच्या हाती काय लागलं? भूलेख, उतारा, बँक. ‘नाही’ पार दुसऱ्या ओळीच्या टोकाला, तिथवर नजर गेलीच नाही. म्हणजे तुम्ही लिहिलं त्याच्या बरोबर उलटं तो समजून गेला. गूगलसाठी लिहिणाऱ्याने नकार पुढे ओढायला शिकावं. ‘चालणार नाही: भूलेखवरचा उतारा, बँकेत किंवा कोर्टात.’ छापील निबंधात असं लिहिलं तर मास्तर लाल रेघ मारतील. वेबवर मारू नयेत.

परिच्छेद लहान ठेवा, मधे उपशीर्षकं द्या, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो बरोबरच आहे. पण ‘प्रस्तावना’, ‘महत्त्व’, ‘निष्कर्ष’ अशी उपशीर्षकं दिलीत तर न दिलेली बरी. उपशीर्षक वाचूनच अर्धं उत्तर कळलं पाहिजे: ‘१५ रुपये कसे भरायचे’, ‘गट क्रमांक माहीत नसेल तर’.

व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं फारसं लागत नाही. दोन ताऱ्यांमध्ये शब्द टाकला की ठळक होतो, तेवढं पुरे. लोक अख्खा मजकूर ठळक करतात, ओळीओळीला हात जोडलेलं चिन्ह टाकतात, आणि मग कशावरच नजर ठरत नाही.

गूगलकडून सापडायचं तर

लोक काय टाइप करतात हे आधी बघा, आणि त्यासाठी पैसे देऊन कुठलं साधन घ्यायची गरज नाही. गूगलच्या खिडकीत ‘सातबारा’ लिहून थांबा, खाली सूचना उतरतात, त्या वाचा. सरकारी कागदावर ‘अधिकार अभिलेख’ असतो, लोक ‘सातबारा’ शोधतात. कागदावर ‘मालमत्ता कर’, तोंडात ‘घरपट्टी’. तलाठ्याचं सरकारी पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कोणाला विचारलंत तर तो तलाठ्याकडेच पाठवेल. शीर्षकात लोकांचा शब्द, आत एकदा सरकारी शब्द, म्हणजे अर्ज भरताना वाचणारा गोंधळत नाही. ‘७/१२’ आणि ‘सातबारा’ दोन्ही रूपं लेखात यायला हवीत. बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात हे खरं, पण त्यासाठी लेखात रोमन शब्दांची माळ ओवू नका. पत्त्यात एकदा आला की पुरे.

पत्ता म्हणजे लेखाचा दुवा. तो देवनागरीत ठेवला तर ब्राउझरमध्ये देखणा दिसतो, पण कॉपी करून चिकटवला की त्याचं रूप बिघडतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं (बाइट म्हणजे संगणकातलं साठवणीचं माप) असतं आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरांत उतरतो. एका चिन्हाची नऊ अक्षरं. ‘सातबारा’मध्ये काने धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे नुसत्या त्या शब्दाची ६३ अक्षरं. वर्डप्रेस (वेबसाइट चालवायची लोकप्रिय प्रणाली) असा पत्ता २०० अक्षरांपाशी छाटतो, म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर तुमचं शीर्षक अर्ध्यात तुटतं. असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर आला की म्हातारी माणसं घाबरतात. पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा ठेवा. शीर्षक अर्थातच मराठीत.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, सहसा कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एका कळफलकावर नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द, आणि साइटवरचा साधा शोध एक दिल्यावर दुसरा काढून देईलच असं नाही. सगळे लेख एकाच कळफलकावर लिहा. दुसऱ्याने लिहून पाठवलेला मजकूर चिकटवण्याआधी हे तपासून घ्या.

गूगलच्या रस्त्यावरची खरी अडचण म्हणजे वेळ. नव्या साइटवरचा लेख वर यायला आठवडे, महिने लागतात, आणि कधी येतही नाही. शिवाय अलीकडे पुष्कळ प्रश्नांना गूगल स्वतःच वरच्या वर उत्तर जुळवून देतं, तुमच्या पानापर्यंत माणूस पोचतच नाही. ‘शुल्क किती’ एवढंच सांगणाऱ्या लेखाला यापुढे फार भविष्य नाही. पैसे कापले गेले पण उतारा उतरला नाही तर काय करायचं, आजोबांचं नाव अजून लागलंय तर आधी वारस नोंद की आधी उतारा, पोटहिस्सा झालाय आणि जुन्याच गट क्रमांकाने शोधतोय तर, हे ज्याने लोकांची कामं केलीत त्यालाच लिहिता येतं. तिथे तुमचा लेख टिकेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर काय हाती लागतं, काय सुटतं

वाचक त्याच दिवशी मिळतो, ही मोठीच गोष्ट. रात्री लिहिलं, सकाळी चार फोन आले. वकिलाला, रोपवाटिकेला, शिकवणी घेणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

सुटतं ते नाव. मजकूर तिसऱ्या गटात पोचेपर्यंत खालची सही गळून पडते, पाचव्या गटात ‘साभार’ येतं, आणि जरा बरा लिहिलेला असेल तर एखाद्या दिवंगत मोठ्या लेखकाच्या नावावर जमा होतो. मराठी गटांत असलेल्या कोणालाही हे नवीन नाही. नाव मजकुराच्या मधे, वाक्यातच गुंफलं तर थोडं टिकतं. सप्टेंबर २०२३मध्ये आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप चॅनल आले (एकाने लिहायचं, बाकीच्यांनी फक्त वाचायचं, अशी जागा). चॅनलवरचा मजकूर पुढे पाठवला की सोबत चॅनलचा दुवा जातो, म्हणून नाव टिकवण्यासाठी सध्या तोच त्यातल्या त्यात बरा मार्ग. कॉपी करून चिकटवणाऱ्याला अर्थात कोण अडवणार?

पसरण्यालाही आता मर्यादा आहे. अफवांवरून माणसं मारली गेली त्या २०१८ सालात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची अट आली. एप्रिल २०२०पासून, पाच किंवा जास्त हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जातो. चांगलं पसरलेलं नेमकं तिथेच मंदावतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्या मते निवड ठरवणारा मुद्दा याहून वेगळा आहे: लिहिलेलं दुरुस्त करता येतं का? उद्या ते १५ रुपये बदलले, अर्जाची तारीख पुढे गेली, नियम फिरला. पानावर तुम्ही दोन मिनिटांत बदल करता आणि पुढचा प्रत्येक वाचक नवीन माहिती वाचतो. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटांत सुधारता येतो, तोही तुमच्या गटातला. पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. गेल्या वर्षीच्या शिष्यवृत्तीचा संदेश या वर्षी ‘शेवटचे दोन दिवस’ म्हणून येतो, आणि एखादी आई पोराला घेऊन तालुक्याला जाऊन येते. लिहिणाऱ्याने चूक केलेली नसते, पण त्या आईचा दिवस आणि एसटीचं भाडं गेलेलं असतं.

पैशाचं थोडक्यात. मराठी पानांवर गूगलच्या अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती चालतात, पण त्यातून घर चालेल अशी आशा धरू नका. दोन्हीकडे खरी कमाई झाली तर तुमच्याकडे येणाऱ्या कामातून होते. मोजमापात मात्र गूगल पुढे आहे. सर्च कन्सोल (गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन) फुकट आहे आणि कुठल्या शब्दांनी किती जण आले ते सांगतो. पुढचा लेख कशावर लिहायचा ते त्या यादीतूनच सुचतं.

मग कोणी काय निवडावं

आकडे, तारखा, नियम, अर्जाच्या पायऱ्या लिहिणार असाल तर पान. मंद असलं तरी पानच. सीए, वकील, शेती सल्लागार, निवृत्त महसूल कर्मचारी, यांनी दहा विषय निवडून दहा पानं नीट लिहावीत आणि वर्षभर तीच दुरुस्त करत राहावीत. रोज एक लेख टाकण्याच्या फंदात पडू नये.

अनुभव, मत, इशारा, आवाहन लिहिणार असाल, म्हणजे जे पुढच्या वर्षीही जसंच्या तसं खरं असेल किंवा पुढच्या आठवड्यात निरर्थक होईल असं, तर व्हॉट्सअ‍ॅप. ‘आमच्या पेठेत वीजबिलाच्या नावाने खोटे फोन येताहेत’ यासाठी कोणी वेबसाइट काढत बसू नये.

तुमची माहिती बदलणारी आहे, पण वाचक सगळे गटांतच आहेत, अशी अवस्था असेल (आणि मराठीत बहुतेकांची हीच असते) तर पान आधी लिहा. वर ‘शेवटची दुरुस्ती’ म्हणून तारीख ठळक द्या. मग व्हॉट्सअ‍ॅपसाठी वेगळा, सात-आठ ओळींचा मजकूर अडचणीपासून सुरू करून लिहा, आणि त्यात एकही आकडा किंवा तारीख घालू नका. ‘सध्याचं शुल्क इथे बघा’ एवढंच, आणि खाली दुवा. दुवा चिकटवल्यावर शीर्षक आणि चित्राची चौकट उमटेपर्यंत एक-दोन सेकंद थांबून मगच पाठवा. चौकट नसलेला नुसता दुवा बरेच जण फसवणुकीचा समजून उघडत नाहीत, आणि त्यांना तशी सवय लागली आहे ते बरंच आहे.