फॅमिली लिंक: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकतं, काय निसटतं

फॅमिली लिंक हे मुलाच्या फोनवर पालकांना देखरेख ठेवू देणारं गूगलचं ॲप, 2017 पासून आहे. ते फुकट मिळतं. पालकाचा फोन अँड्रॉइड असो वा आयफोन, दोन्हीवर चालतं, मुलाचा फोन मात्र अँड्रॉइडच लागतो. मुलाकडे आयफोन असेल तर यात वेळ घालवू नका. ॲपलच्या सेटिंगमधलं 'स्क्रीन टाइम' त्या फोनसाठीच आहे.

आधी निकाल सांगतो. वेळेला आळा घालायला हे ॲप उत्तम आहे, आत काय बघितलं जातंय त्यावर लक्ष ठेवायला अर्धवट आहे. आणि ते टिकणार की नाही, हे बसवतानाच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरतं.

बहुतेक घरांत गाडी अडते ती जन्मतारखेवर. मुलाच्या फोनवर आधीच एखादं खातं असतं, आणि ते उघडताना वय वाढवून टाकलेलं असतं. गूगलच्या लेखी ते मूल सज्ञान, त्यामुळे त्या खात्यावर देखरेख बसत नाही. आधी खात्यातली जन्मतारीख खरी करा, किंवा मुलाचं नवीन खातं पालकाच्या फॅमिली लिंकमधूनच काढा. मग मुलाच्या फोनवर सेटिंग, गूगल, पॅरेंटल कंट्रोल्स या वाटेने जा. नव्या फोनमध्ये हेच 'डिजिटल वेलबीइंग'च्या पानावरही सापडतं. दोन्ही फोन समोर ठेवा, दोन्हीवर नेट चालू ठेवा, आणि मुलाला शेजारी बसवून हे करा. चोरून बसवण्यासारखं हे ॲपच नाही. फोन देखरेखीखाली आहे हे मुलाला स्क्रीनवर दिसतं, आणि ते योग्यच आहे.

खातं जोडून झालं की लगेच वेळेच्या मर्यादेकडे धावू नका. आधी पालकाच्या फॅमिली लिंकमध्ये त्या फोनच्या सेटिंगच्या पानावर जा. तिथे तीन खटके आहेत: नवीन वापरकर्ता जोडणे, अनोळखी ठिकाणांहून ॲप घेणे आणि डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीची खोलवरची सेटिंग. तिन्ही बंद हवेत. पहिला उघडा राहिला तर मूल त्याच फोनवर दुसरा वापरकर्ता तयार करतं. दुसरा उघडा राहिला तर मित्राने पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप, बसते, आणि प्ले स्टोअरवर तुम्ही लावलेली परवानगीची अट तशीच बाजूला राहते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'दुसरी स्पेस' (त्याच फोनमध्ये वेगळा कप्पा) किंवा 'ड्युअल ॲप' (एकाच ॲपची दुसरी प्रत) यांसारख्या सोयी स्वतंत्रपणे दिलेल्या असतात. त्या फोनच्या सेटिंगमध्ये शोधून हाताने तपासाव्या लागतात.

फोनची बॅटरी वाचवणारी व्यवस्था हीदेखील एक अडचण. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ती मागे चालणारी ॲप झोपवते. मग पालकाच्या फोनवर वापराचा आलेख जुनाच दिसत राहतो, ठिकाण कालचं दाखवतं आणि मर्यादा बदलली तरी पलीकडे पोचत नाही. मुलाच्या फोनवर फॅमिली लिंक आणि गूगल प्ले सर्व्हिसेस या दोघांसाठी बॅटरीचं बंधन काढा, आणि ॲप आपोआप सुरू होऊ देणारा ऑटोस्टार्टचा पर्याय असेल तर तो चालू करा. यानंतरही बदल पोचत नसेल तर बहुधा मुलाच्या फोनचा डेटा बंद असतो. नेट नसताना आधीच्या मर्यादा लागू राहतात, नव्या मात्र नेट आल्यावरच पोचतात.

आता वेळेचं. रोजची मर्यादा वारानुसार लावता येते, आणि शाळेच्या दिवसाला कमी व रविवारी जास्त अशी लावणंच शहाणपणाचं. मर्यादा संपायच्या 15, 5 आणि 1 मिनिट आधी मुलाला सूचना येते. ही सूचना पुरेशी आहे असं पालकांना वाटतं, प्रत्यक्षात ती खेळाच्या ऐन रंगात येते आणि मूल बोटाने सरकवून टाकतं. मग चालू सामन्याच्या मधेच स्क्रीन लॉक होते, संघातली बाकीची मुलं ओरडतात आणि घरात रडारड होते. यावर चाललेला उपाय असा: एक डाव साधारण 20 ते 25 मिनिटांचा असेल तर पहिली सूचना आली की नवा डाव सुरू करायचा नाही, हे आधीच ठरवून घ्यायचं. शेवटचा डाव खरोखरच थोडा उरला असेल तर पालकाने जादा वेळ द्यावा. त्याची सोय ॲपमध्ये आहे, आणि त्याने उद्याची मर्यादा बदलत नाही.

मर्यादा प्रत्येक उपकरणासाठी वेगळी मोजली जाते. फोनला दीड तास आणि टॅबला दीड तास लावला तर मुलाच्या हातात तीन तास येतात. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ निसटतो तो 'नेहमी चालू' ठेवलेल्या ॲपमधून. या यादीतल्या ॲपचा वेळ रोजच्या मर्यादेत धरला जात नाही आणि फोन लॉक झाल्यावरही ती उघडतात. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो म्हणून पालक व्हॉट्सॲप या यादीत टाकतात. मग यूट्यूबला तासाची मर्यादा असली तरी मित्राने पाठवलेला यूट्यूबचा दुवा व्हॉट्सॲपच्या आतच छोट्या चौकटीत चालतो. शिवाय चॅनल आणि स्टेटसचे व्हिडिओ आहेतच. आलेखात यूट्यूब शहाण्यासारखं दिसतं आणि व्हॉट्सॲपचा आकडा फुगलेला. त्यामुळे त्या यादीत फक्त फोन, घड्याळ आणि शब्दकोश ठेवा. व्हॉट्सॲपला स्वतंत्र मर्यादा लावा आणि गृहपाठ संध्याकाळी एकदा उतरवून घ्यायला सांगा. फोन लॉक असला तरी आलेला कॉल घेता येतो, त्यामुळे मूल संपर्काबाहेर जाईल ही भीती नको.

आतल्या मजकुराबाबत अपेक्षा माफक ठेवा. हे ॲप चॅट वाचून दाखवत नाही, कोणाशी काय बोलणं झालं ते सांगत नाही. क्रोममध्ये अश्लील साइट अडवण्याचा पर्याय आहे आणि लहान मुलांना इनकॉग्निटो (इतिहास न ठेवणारी खिडकी) मिळत नाही, पण ही गाळणी फक्त क्रोमची. दुसरा ब्राउझर बसवला, किंवा एखाद्या ॲपच्याच आत दुवा उघडला, तर ती तिथे पोचत नाही. म्हणून दुसऱ्या ब्राउझरला परवानगीच देऊ नका. 13 वर्षांखालच्या मुलासाठी यूट्यूबचं देखरेखीचं खातं ठेवा. त्यात तीन पायऱ्या आहेत, पहिली साधारण 9 वर्षांपुढची. इन्स्टाग्रामला फॅमिली लिंक फक्त वेळ लावू शकतं. आतलं नियंत्रण त्याच्याच टीन अकाउंटमध्ये, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या खात्यात आहे, ते भारतात फेब्रुवारी 2025 मध्ये आलं. त्यात रात्री 10 ते सकाळी 7 सूचना शांत राहतात आणि 16 वर्षांखालच्या मुलाला नियम सैल करायला पालकाची संमती लागते. पण इथेही जन्मतारीख खरी असेल तरच.

चॅट वाचून दाखवतो असं सांगणारी ॲप नेटवर विकली जातात. ती घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतो. ती बसवायला प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप पकडणारी गूगलची तपासणी) बंद करायला लावतात, ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची, परवानगी मागतात आणि तुमच्याच मुलीचे फोटो, संदेश आणि ठिकाण कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर जाऊन पडतात. तिच्या सुरक्षेसाठी नेमकं तेच टाळायचं होतं.

प्ले स्टोअरच्या परवानगीत दोन बारकावे. आधी एकदा मंजूर केलेलं ॲप काढून पुन्हा टाकलं तर परवानगी विचारली जात नाही. आणि खरेदीची मंजुरी फक्त गूगल प्लेच्या व्यवहारांना लागू होते, म्हणून मुलाच्या फोनवर यूपीआयचं ॲप ठेवू नये. मंजुरी मुलाच्या फोनवर पासवर्ड टाकूनही देता येते, पण ते टाळा. मुलं बोटांच्या हालचालीवरून पासवर्ड टिपतात. विनंती पालकाच्या फोनवर येऊ द्या आणि तिथूनच मंजूर करा.

आई आणि बाबा दोघांनाही पालकाचे अधिकार देता येतात. द्यावेतच, पण जादा वेळ कोण देणार ते आधी ठरवा. नाहीतर बाबांनी नाकारलेली अर्धा तासाची विनंती पाच मिनिटांनी आईच्या फोनवर जाते आणि मंजूर होते.

घरात एकच फोन असेल आणि मूल आईचाच फोन वापरत असेल तर फॅमिली लिंक उपयोगाचं नाही. तिथे ॲप पिनिंग, म्हणजे एकच ॲप स्क्रीनवर अडकवून ठेवणारी सोय, वापरा. सुरक्षेच्या सेटिंगमधून ते चालू करा, अभ्यासाचं ॲप उघडा, पिन करा आणि बाहेर पडायला पिन कोड लागेल असं ठेवा.

फोन बदलताना एक काम विसरू नका. जुना फोन भाच्याला देण्याआधी त्यावरून मुलाचं खातं पालकाच्या मंजुरीने काढा आणि मग सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा. बटणं दाबून परस्पर रीसेट केला तर फोन पुन्हा तेच जुनं खातं मागत बसतो आणि भाच्याच्या घरून तुम्हाला फोन येतो.