बेशाच्या रो-हाउसचा इसार आणि आमचे १७,७५,००० रुपये

नागपूरच्या बेसा-पिपळा, हुडकेश्वर, नरसाळा, जामठा या बाजूला जे रो-हाउस घेण्याच्या विचारात आहेत, आणि विशेषतः ज्यांना ‘आधी राहायला या, रजिस्ट्री सवडीने करू’ असे सांगितले जात आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आमचे १७,७५,००० रुपये बुडाले आहेत. त्यातली सर्वांत मोठी रक्कम दिली तेव्हा आम्ही त्याच घरात राहत होतो, आणि राहत होतो म्हणूनच ती दिली.

बनावट मालक, खोटे आममुखत्यारपत्र, एकच प्लॉट चौघांना विकणे हे प्रकार नागपुरात सर्वांना ठाऊक आहेत. आमच्या प्रकरणात विकणारा खरोखरच मालक होता. विक्रीपत्र त्याच्या नावाचे, घरकराची पावती त्याच्या नावाची, वीजबिलही त्याच्याच नावाचे होते. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आम्ही वकिलाकडून करून घेतला, त्याचे ६,५०० रुपये मोजले, आणि त्यात कोणताही बोजा निघाला नाही. ‘कागद तपासायला नको होते का?’ असे आता जे नातेवाईक विचारतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. कागद तपासले होते.

आमचे आयुष्य महालातल्या भाड्याच्या खोल्यांत गेले. सेवानिवृत्तीचे पैसे हाती आल्यावर गर्दी आणि गोंगाट यांपासून दूर, पण गावातच, स्वतःचे घर असावे एवढीच इच्छा होती. ही गल्ली पुढे बंद होती. दोन्ही बाजूंना सारखी रो-हाउसे, कोपऱ्यावर कडुनिंब, संध्याकाळी सायकली फिरवणारी मुले, आणि रात्री नऊनंतर पूर्ण शांतता. पत्नीला घर पाहताक्षणी आवडले. किंमत ४८,५०,००० रुपये ठरली, जी त्या भागातल्या भावाला धरूनच होती, म्हणजे स्वस्ताच्या मोहाने फसलो असेही कोणी म्हणू नये. दिवाळी २०२४ मध्ये ५,००,००० रुपयांचा धनादेश देऊन ५०० रुपयांच्या मुद्रांकावर इसारपत्र केले आणि ते नोटरीकडे नेले. नोंदणी केली नाही, कारण ‘विक्रीपत्राच्या वेळी सगळा खर्च एकदमच होईल, वहिनी, आत्ता दुप्पट कशाला भरता’ असे मालकाने माझ्या पत्नीला समजावले आणि दलालाने मान डोलावली.

गुढीपाडव्याला त्याने किल्ली दिली आणि नोटरी केलेले ताबापत्रही दिले. थकलेला कर आणि गेटचे काम या नावाखाली त्या दिवशी ३,२५,००० रुपये रोख घेतले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, हे आम्हाला पुढे पोलिसांकडून ऐकावे लागले, तेही आम्हीच गुन्हेगार असल्याच्या सुरात. मनाई घेणाऱ्याला आहे, दंडही घेणाऱ्यालाच आहे. रोख देऊच नका. पण दिली असेल तर कोणी त्यावरून दरडावले तरी गप्प बसू नका.

आता ज्या प्रसंगापाशी माझे मन अजूनही अडकून पडते तो सांगतो. राहायला गेल्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, दोन माणसे मोटारसायकलवरून गल्लीत आली. त्यांनी गेटचा आणि वीजमीटरचा मोबाइलवर फोटो काढला, मूळ मालकाचे नाव घेऊन ‘ते इथे राहत नाहीत का?’ असे विचारले, आणि मी कोण हे कळल्यावर एकमेकांकडे पाहून काही न बोलता निघून गेले. मी लगेच मालकाला फोन केला. गाडीच्या कर्जाचे दोन हप्ते राहिले होते, ते आजच भरले, असे तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. पत्नीने त्याच संध्याकाळी विचारले की गाडीच्या कर्जासाठी आलेल्यांना वीजमीटरचा फोटो कशाला हवा होता. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याच सुमारास मूळ विक्रीपत्र दाखवा असे आम्ही म्हटले होते, तेव्हा ते लॉकरमध्ये आहे आणि लॉकर उघडायला त्याची पत्नी पुण्याहून यावी लागेल, असे उत्तर आले होते. ही दोन उत्तरे मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिली असती तर तिथेच थांबलो असतो. पण ज्याने स्वतःच्या घराची किल्ली आपल्या हाती दिली, ज्याच्या घरात आपण रोज सकाळी देवपूजा करतो, तो माणूस लबाड असेल असे मनात तरी कसे यावे? त्यानंतर अक्षय्य तृतीयेला मी त्याच्या खात्यावर आरटीजीएसने ९,५०,००० रुपये पाठवले. उरलेले ३०,७५,००० रजिस्ट्रीच्या दिवशी द्यायचे होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दारावर कर्ज देणाऱ्या संस्थेची ताबा-नोटीस चिकटली. सरफेसी कायदा, २००२ (थकलेल्या कर्जापोटी गहाण मालमत्ता ताब्यात घेण्याचा कायदा) खाली आधी कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस जाते. ती अर्थातच त्याच्या दुसऱ्या पत्त्यावर गेली होती. घरावर ४१,००,००० रुपयांचे कर्ज होते आणि मूळ विक्रीपत्र लॉकरमध्ये नसून त्या संस्थेच्या तिजोरीत होते. दस्तऐवज जमा करून केलेल्या अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करण्याची तरतूद महाराष्ट्रात २०१३ पासून आहे, परंतु ती दाखलच झाली नव्हती, म्हणून आमच्या सर्च रिपोर्टमध्ये काहीच दिसले नाही. सेरसाय या केंद्रीय नोंदवहीत मात्र हे गहाण नोंदलेले होते. ती नोंदवही किरकोळ शुल्क भरून कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. आमच्या वकिलाने ती पाहिली नाही. तुम्ही वकिलाला ‘सेरसाय पाहिले का?’ असा थेट प्रश्न विचारा आणि त्या शोधाची छापील प्रत मागून घ्या.

यानंतर सुरू झालेली फरफट मूळ फसवणुकीहून जास्त जिव्हारी लागली. पोलीस ठाण्यात सांगितले की हा दिवाणी वाद आहे. गहाण लपवून पैसे घेणे हा दिवाणी वाद कसा होतो, हे कोणीही समजावले नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. त्याची प्रत पुढे केली तर ‘ठेवून जा’ एवढेच उत्तर मिळाले. तिथून आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या शाखेकडे पाठवले. त्या शाखेने रक्कम लहान आहे आणि तक्रारदार एकच आहे असे सांगून पुन्हा ठाण्याकडे पाठवले. सेवानिवृत्त माणसाच्या १७,७५,००० रुपयांना लहान म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने ती रक्कम साठवायला किती वर्षे लागतात हे कधी मोजले आहे का? ठाण्यातले साहेब बंदोबस्तात, नंतर रजेवर, नंतर बदलून गेले, आणि नव्या साहेबांसमोर सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अधिकाऱ्याने तर आम्हाला खुर्चीही दिली नाही. तुमचा आमचा काही करार नाही, एवढेच तो म्हणत राहिला. त्यांची माणसे फोटो काढून गेली तेव्हा आम्ही तिथे राहत होतो हे त्यांना माहीत होते; एका शब्दाने आमचे ९,५०,००० वाचले असते. रेरा या स्थावर संपदा कायद्याचा मार्गही बंद निघाला, कारण तो कायदा विकासकावर लागू होतो आणि हा तर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला केलेला व्यवहार होता.

ताबापत्राचा उपयोग होईल अशी आशा होती. वकिलाने (हे दुसरे वकील) स्पष्ट केले की २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी न केलेल्या कराराच्या आधारे ताब्याला संरक्षण मागता येत नाही, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. म्हणून इसारपत्र नोंदवूनच घ्या. नोंदणी शुल्क किंमतीच्या एक टक्का असून त्याला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे; मुद्रांक शुल्क त्याहून बरेच जास्त आहे, पण जो विक्रेता ते वाचवण्याचा सल्ला देतो त्याच्यापासून दूर राहा. मूळ विक्रीपत्र प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय इसारही देऊ नका. रंगीत छायाप्रत दाखवली तर उठून या. थोडे का होईना गृहकर्ज घ्या, कारण बँक स्वतःच्या पैशासाठी जी तपासणी करते ती तुमच्यासाठी दुसरे कोणी करणार नाही. दारावर ताबा-नोटीस लागलीच असेल तर ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी ४५ दिवस असतात, आणि ते पोलीस ठाण्याच्या बाकावर घालवू नका.

आम्ही सप्टेंबरमध्ये घर सोडले. ग्रिल, पाण्याची टाकी आणि स्वयंपाकघरातला ओटा यांवर घातलेले २,३८,००० रुपये तिथेच राहिले, ते वरच्या रकमेत धरलेले नाहीत. दलालाने दलालीचे ४८,५०० रुपये अजून परत केलेले नाहीत. दंडाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज प्रलंबित आहे. तोच मनुष्य आता हुडकेश्वरच्या बाजूला आणखी एक रो-हाउस किल्ली आधी देऊन विकत असल्याचे जुन्या शेजाऱ्यांकडून कळले आहे. तक्रारदार एकच आहे हे कारण आम्हाला लेखी मिळाले आहे. ज्यांनी नोटरीच्या इसारपत्रावर अशा घराचा ताबा घेतला असेल त्यांनी आजच सेरसायमध्ये शोध घ्यावा, आणि गहाण निघाले तर पुढचा हप्ता थांबवून पोलिसांच्या त्याच आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार नोंदवावी व पोहोच घ्यावी.